घारीच्या डोळ्यांनी नळदुर्ग

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नळदुर्गचा किल्ला मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन. नळदुर्ग हे माझ्या आईचं माहेर. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्यानं एसटीनं निघालं की पंचेचाळीसेक किलोमीटरवर गाव येतं. सुट्टीत आम्ही तिथं असायचो आणि दिवसातून दोनदा तरी किल्ल्यात जायचो. पुढे शाळेच्या सहलीबरोबर गेलो, कॉलेजातल्या मित्रांबरोबर गेलो, पाहुण्यांना दाखवायला तर कितीदा तरी गेलो. इतकं असूनही पस्तिशी ओलांडेपर्यंत मला एक साधी गोष्ट सांगता आली नसती. या किल्ल्याचा आकार कसा आहे?

तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड आहे? डोंगरी किल्ल्याचं बरं असतं. तो लांबूनच आपला आकार दाखवतो. राजगड म्हटलं की बालेकिल्ला आणि माच्या डोळ्यांपुढे येतात. भुईकोटाचं तसं नाही. तो सपाटीवर पसरलेला असतो. बाहेरून पाहावं तर तट दिसतो, आत शिरावं तरी तटच दिसतो. नळदुर्गला लोक एकशे चौदा बुरुज सांगतात. मी लहानपणी ते मोजायला निघालो होतो आणि तिसाच्या आसपास हिशेब चुकून परत आलो होतो.

ही अडचण माझी एकट्याची नव्हती. किल्ला बांधणाऱ्यांनाही ती होतीच. म्हणून तर आत उपली बुरुज आहे. तटापासून सुटा, एकटा, उंच. पायऱ्या चढून वर गेलं की जुन्या तोफा दिसतात आणि चहूकडचा मुलूख नजरेत येतो. दख्खनच्या पठारावर निसर्गानं उंची दिली नाही, तर माणसानं दगड रचून ती केली. शत्रू कुठून येतोय, धूळ कुठं उठलीय, हे तिथून दिसायचं. पण त्या बुरुजावर कोण चढत असेल? किल्लेदार, गोलंदाज, पहाऱ्याचे शिपाई. किल्ल्याला पाणी पुरवणारा भिस्ती, घोड्यांना दाणा घालणारा मोतद्दार, जात्यावर बसणारी बाई यांना तिथं कोण जाऊ देणार? वरून पाहणं हा त्या काळात हुद्द्याचा भाग होता.

हे मला सुचलं ते पुष्कळ नंतर, आणि त्याला कारण झाला माझा भाचा.

भाचा सोलापुरात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. शाळेत असताना एनसीसीच्या हवाई विभागात त्यानं छोटी विमानं बनवायला शिकून घेतलं होतं. तो नाद काही सुटला नाही. बाल्सा नावाचं एक लाकूड असतं, बोरूपेक्षाही हलकं वाटावं असं. त्याच्या पट्ट्या कापायच्या, सांगाडा जुळवायचा, वरून तलम कागदासारखं आवरण ताणून बसवायचं. पुढे मुठीत मावेल एवढं इंजिन. त्याच्या इंधनात एरंडेल मिसळलेलं असे, त्यामुळे उडवणाऱ्याच्या कपड्यांना तो वास दोन-दोन दिवस येत राही. जमिनीवर हातात रेडिओचा डबा धरायचा. त्याच्या दोन दांड्या हलवल्या की वर आकाशात विमानाची शेपटी आणि पंखांच्या कडा हलतात. ऐकायला सोपं वाटतं. पण विमान आपल्यापासून दूर चाललं असेल तोवरच ते सोपं. ते वळून आपल्याकडे यायला लागलं, की त्याचं डावं ते आपलं उजवं होतं. नवशिक्याचं विमान पडतं ते बहुतेक याच क्षणी.

२००६च्या सुरुवातीला तो एके दिवशी घरी आला आणि म्हणाला, ‘मामू, यावर कॅमेरा बसवला तर?’

मी बीएला इतिहास घेतला होता. पण आमच्या पुस्तकात लढाया होत्या, तह होते, सनावळ्या होत्या. जुन्या जागा वरून पाहायच्या असतात, हे कुणी सांगितलं नव्हतं. भाच्याच्या त्या प्रश्नानंतर मी वाचनालयात जाऊन शोधायला लागलो आणि एका वेगळ्याच गोष्टीत गुंतलो. ती थोडक्यात सांगतो.

पॅरिसमध्ये नादार नावाचा एक फोटोग्राफर होता. मोठा हरहुन्नरी माणूस. १८५८ साली तो दोरानं बांधलेल्या फुग्यातून वर गेला आणि त्यानं जमिनीचा फोटो काढला. आधी त्याच्या काचा सारख्या काळ्या पडत होत्या. फुग्यातून गळणाऱ्या वायूनं वरचं रसायन नासत होतं. ते लक्षात आल्यावर फुग्याचं तोंड बंद ठेवून त्यानं फोटो मिळवला. तो आज शिल्लक नाही. त्यानंतर तीस वर्षांनी, १८८८ मध्ये, फ्रान्सच्याच दक्षिणेकडच्या लाब्रुगियेर या गावी आर्थर बात्यू नावाच्या माणसानं पतंगाला कॅमेरा बांधला. कळ दाबायची कशी? त्यानं हळूहळू जळणारी वात लावली. वात जळत आली की कॅमेऱ्याची झडप उघडायची आणि त्याच वेळी कागदाची एक पट्टी सुटून खाली यायची. ती दिसली की समजायचं, फोटो निघाला, आता पतंग उतरवा. आणि जर्मनीत नॉयब्रोनर नावाचे एक औषधविक्रेते होते. औषधांच्या कामासाठी ते कबुतरं वापरत. १९०७च्या सुमारास त्यांनी कबुतराच्या छातीवरच छोटा कॅमेरा बांधला. मला ही कबुतरं फार आवडली. कवीला आवडणारच.

पण पुढचा भाग तितका गोड नाही. इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाचा आकाशातून फोटो निघाला तो १९०६ साली, लष्कराच्या फुग्यातून, लष्कराच्याच अधिकाऱ्याच्या हातून. पहिल्या महायुद्धात विमानं आली. शत्रूचे खंदक कुठं आहेत हे पाहण्यासाठी हजारो फोटो काढले गेले. क्रॉफर्ड हा तरुण त्या युद्धात विमानातून टेहळणी करत होता. युद्ध संपल्यावर त्यानं हीच विद्या जुन्या जागा शोधायला लावली. अलेक्झांडर किलर या आपल्या मित्राबरोबर दक्षिण इंग्लंडवरून उडून त्यानं १९२८ साली एक ग्रंथ काढला. त्यातून लोकांना कळलं, की उन्हं तिरपी असताना जमिनीवरचा वीतभर उंचवटाही लांब सावली टाकतो आणि वरून पाहिलं तर गाडून गेलेल्या भिंतींचा नकाशा उमटतो. पीकसुद्धा बोलतं. खाली दगडी पाया असेल तिथं ते खुरटतं आणि आधी पिवळं पडतं. जुना चर बुजलेला असेल तिथं ओल टिकते, तिथलं पीक जास्त दिवस हिरवं राहतं. गोधडीवरून चालणाऱ्या मुंगीला टाके लागतात, पण त्या टाक्यांची नक्षी फक्त गोधडी झटकणाऱ्या बाईला दिसते.

म्हणजे पाहा, उंचावरची नजर आधी उपली बुरुजावर होती, मग फुग्यात गेली, मग विमानात. सगळीकडे ती सैनिकाचीच होती. आणि आता ती सोलापुरातल्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या पोराच्या हातात येऊ पाहत होती.

फेब्रुवारीत आम्ही नळदुर्गला गेलो. ज्वारीची काढणी झाली होती. नदीपलीकडच्या एका शेतकऱ्यानं आपलं रान उड्डाणासाठी वापरू दिलं. शेतात धसकटं उभी होती आणि बांधाला कडब्याचं बुचाड. आम्ही दोघांनी मिळून धसकटं उपटून विमानाला धावायला पट्टी केली. बरोबर माझी आई होती. तिला आम्ही सगळेच अम्मा म्हणायचो. माहेर जवळच म्हणून ती आली होती आणि बांधावरच्या लिंबाखाली चादर टाकून बसली होती. एक कबुली इथंच देऊन टाकतो. असं काही उडवायला परवानगी लागते, हा विचारही त्या दिवशी आमच्या मनाला शिवला नव्हता. आज कुणी तसं करू नये.

कॅमेरा साधा, छोटा डिजिटल होता. त्याची कळ दाबायला भाच्यानं विमानाच्या शेपटीला असते तशीच एक छोटी मोटर बसवली होती. इंजिनाच्या थरथरीनं फोटो हलू नयेत म्हणून कॅमेऱ्याखाली भांडी घासायचा स्पंज होता. कॅमेरा कुठं बघतोय हे खालून कळत नव्हतं. विमान किल्ल्यावर गेलं असं वाटलं की कळ दाबायची आणि देवावर हवाला ठेवायचा.

सकाळी उन्हं तिरपी असतानाच भाच्यानं इंजिन सुरू केलं. तो कर्कश आवाज उठला आणि लिंबाखाली अम्मानं दोन्ही कान घट्ट दाबून धरले. आम्हाला वाटलं, आवाजाचा त्रास झाला. तेव्हा ती काही बोलली नाही.

एकूण चार उड्डाणं झाली. पहिल्या तिन्हींनंतर आम्ही कार्ड बदललं, ते किती बरं केलं! चौथ्या खेपेला इंजिन वरच बंद पडलं. विमान वळवून आणायचा भाच्यानं फार प्रयत्न केला, पण ते धरणामागच्या पाण्यात गेलं. कॅमेऱ्यासकट. ते उड्डाण खास पाणीमहालासाठी होतं. परतताना गाडीत भाचा एक अक्षर बोलला नाही.

पाणीमहाल ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बोरी नदीवर आडवं दगडी धरण घातलंय आणि त्या धरणाच्या पोटात दालनं आहेत. पावसाळ्यात धरण भरलं की दोन सांडव्यांवरून पाणी कोसळतं. लोक एकाला नर म्हणतात, दुसऱ्याला मादी. आतल्या दालनाच्या खिडकीत तुम्ही उभे असता, समोर पाण्याचा पडदा पडत असतो आणि तुम्ही कोरडे राहता. हे काम १६१३ सालचं, विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं. मीर इमादीन या स्थापत्यकाराचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. इब्राहिम स्वतः कवी, गाण्याचा वेडा. ‘किताब-ए-नौरस’ हा त्याचा दख्खनीतला गीतसंग्रह, त्यात सरस्वती आणि गणपतीही आहेत. त्यामुळे आजवर पाणीमहालाविषयी जे बोललं-लिहिलं गेलं ते बहुधा असं : रसिक सुलतानानं मौजेसाठी बांधलेला जलविलास. मीही तरुणपणी एका कवितेत तसंच लिहून बसलो होतो.

घरी येऊन संगणकावर फोटो उघडले. सत्तरेक होते. निम्म्यांत नुसतं आकाश. काहींत विमानाचंच चाक. काही हललेले. नऊ चांगले निघाले.

त्या नऊ फोटोंनी मला माझ्या आजोळचा किल्ला पहिल्यांदा दाखवला. एका अंगानं बोरी वळसा घेत गेलेली. जिथं नदीनं साथ सोडली तिथं माणसांनी खंदक खणलेला. नवबुरुज, जो खालून नुसता खडबडीत, वेडावाकडा वाटतो, तो वरून नऊ पाकळ्यांचं दगडी फूल दिसला. ‘नौरस’ या शब्दानं झपाटलेला, नव्या शहराला नौरसपूर नाव देणारा सुलतान आणि हा नऊ पाकळ्यांचा बुरुज! या दोन गोष्टी जोडायचा मोह मला झाला. हा कवीचा मोह, पुरावा काही नाही. तेव्हा तो इथंच सोडतो.

खरी गंमत रणमंडळाची होती. नदीच्या पलीकडे, मुख्य किल्ल्यासमोर, छोटा जोडकिल्ला आहे. त्याला रणमंडळ म्हणतात. पायी फिरताना मला नेहमी वाटायचं, एवढा मोठा किल्ला असताना हा तुकडा पलीकडे कशाला बांधला? वरून पाहिल्यावर एका क्षणात उलगडलं. धरणाचं एक टोक किल्ल्यात आहे, दुसरं टोक रणमंडळात. ती टेकडी मोकळी ठेवली असती तर शत्रूनं तिथं तोफा चढवल्या असत्या. आणि पुढे धरण झालं तेव्हा त्याचं दुसरं टोक शत्रूच्या दारात आलं असतं. दोन किल्ल्यांच्या मधोमध, दोन हातांच्या ओंजळीत धरावं तसं पाणी धरलेलं आहे.

अली आदिलशहानं १५५८ नंतर इथं दगडी तटबंदी उभी केली. १५८० मध्ये तो मारला गेला, गादीवर लहानगा इब्राहिम आला. ही संधी साधून गोवळकोंडा आणि अहमदनगर यांच्या फौजांनी नळदुर्गला वेढा घातला. किल्ला पडला नाही. मोठं होऊन याच इब्राहिमनं धरण बांधलं. वेढ्यात भिंत टिकते, पण माणसं पाण्यावाचून टिकत नाहीत, हे विजापूरच्या दरबाराला कुणी शिकवायला नको होतं.

आता फोटो क्रमांक सतरा. हा किल्ल्याच्या आतल्या मोकळ्या माळाचा आहे. या माळावर आम्ही पोरं विटीदांडू खेळायचो. तिथं काही नाही असंच मी आयुष्यभर समजत होतो. सकाळच्या तिरप्या उन्हात त्या माळावर रेघा उमटल्या होत्या. सरळ, काटकोनात वळणाऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या. जुन्या भिंतींच्या पायांच्या सावल्या. चौकोनाला चौकोन लागून. खोली, खोली, मध्ये बोळ, पुन्हा खोली.

तो फोटो मोठा छापून घेतला आणि अम्माला दाखवला. तिनं आधी किल्ल्याकडे पाहिलंच नाही. कडेला गावाचा जो थोडा भाग आला होता, त्यात ती आपल्या वडिलांचं घर शोधत राहिली. चिंच सापडली, घर सापडलं नाही. मग मी तिला त्या रेघा दाखवल्या आणि म्हटलं, ही घरं असावीत. चष्मा सारखा करत तिनं पाहिलं. बोटानं चौकोन मोजायला लागली, थोड्या वेळानं सोडून दिलं. घरात आम्ही दख्खनी बोलतो. ती म्हणाली, ‘इत्ते घरां? फिर पानी तो लगेगाच ना.’

लहानपणी नदीवरून डोक्यावर घागरी आणणाऱ्या बाईचं ते बोलणं होतं. जलविलास हा शब्द तिच्या कोशातच नव्हता. धरण पाहून मला सुलतान आठवला, आणि तिला चुली आठवल्या. माझी ती जुनी कविता नंतरच्या संग्रहात मी घेतली नाही.

त्याच रात्री तिनं कान का दाबले ते सांगितलं. १३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या मुलखात शिरली, तेव्हा पहिला सामना नळदुर्गलाच झाला. बोरीवरचा पूल हाती घेणं महत्त्वाचं होतं. अम्मा तेव्हा आठ वर्षांची. तिला धान्याच्या कणग्यांमागे बसवलं होतं आणि वर गोधड्या टाकल्या होत्या. त्या दिवसांत कधीतरी विमानाचा आवाज आला. कुणाचं विमान, कुठं चाललंय, काही ठाऊक नाही. तिच्या मामीनं तिचे कान दाबून धरले, म्हणजे आवाज ऐकू आला नाही तर विमानाला आपण दिसणार नाही. साठ वर्षं होत आली तरी हात आपोआप कानांवर गेले होते. वरून पाहणाऱ्याच्या गोष्टी मी फुग्यापासून विमानापर्यंत वाचून काढल्या होत्या. ज्याच्याकडे वरून पाहिलं जातं तो माणूस माझ्या घरातच होता, आणि त्याला मी कधी विचारलं नव्हतं.

अम्मा २०१५ मध्ये गेली.

नंतर काळ बदलला. ड्रोन आले. चार पंख्यांचं ते यंत्र हवेत जागच्या जागी थांबतं, कॅमेरा काय पाहतोय ते हातातल्या पडद्यावर दाखवतं आणि बॅटरी संपत आली की आपणहून परत येतं. भाच्याला ते फारसं आवडत नाही. तो म्हणतो, यात उडवण्यासारखं काय राहिलं? ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोनचे नवे नियम झाले. कुठं उडवता येईल आणि कुठं नाही, त्याचे हिरवे, पिवळे, लाल पट्टे नकाशावर आले. संरक्षित वास्तूवर उडवायचं तर संबंधित खात्याची संमती हवी, आणि ते योग्यच आहे. या वेळी आम्ही सगळे कागद रीतसर केले. २०२३च्या हिवाळ्यात पुन्हा गेलो. पाणीमहालाचा राहिलेला फोटो सतरा वर्षांनी मिळाला. फार देखणा आला. मासिकाच्या मुखपृष्ठावर छापावा असा.

मग ड्रोन त्या माळावर नेला. वेळ तीच, ऊन तसंच. काही रेघा दिसल्या. बऱ्याच दिसल्या नाहीत. माळाच्या एका बाजूला वेडी बाभूळ माजली होती आणि तिच्या खाली काय आहे हे कुठल्याच कॅमेऱ्याला दिसलं नसतं. भाच्यानं दोन्ही फोटो शेजारी-शेजारी ठेवले आणि लाल पेन्सिलनं गेलेले चौकोन आखले. आमच्या हौशी विमानाच्या त्या धुरकट फोटोत जे आहे, ते या लखलखीत फोटोत नाही.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले. रायगड, साल्हेर, सिंधुदुर्ग, तमिळनाडूतला जिंजी. मलाही आनंद झाला. त्यांचे आकाशातून घेतलेले फोटो वर्तमानपत्रांत पानभर छापून आले. डोंगर आणि समुद्र फोटोत शोभून दिसतातच. आमच्या बाजूचे भुईकोट त्या यादीत नाहीत, कारण यादीचा विषय वेगळा आहे. त्याबद्दल तक्रार नाही. पण परांडा, औसा, उदगीर, नळदुर्ग यांच्याकडे कुणीतरी तिरप्या उन्हात एकदा पाहून ठेवावं. तटाकडे नव्हे, तट तर दिसतोच. आतल्या माळांकडे.

नऊ फोटोंच्या छापील प्रती मी एका पाकिटात ठेवल्या आहेत. नळदुर्गच्या एका शाळेतल्या मास्तरांनी त्यांतला सतरावा मागून नेला आणि वर्गात लावला. मुलं त्यात आपापली घरं शोधतात, असं ते परवा फोनवर सांगत होते. त्या फोटोच्या वरच्या कोपऱ्यात, नदीपलीकडे, ज्वारीचं कापलेलं रान आलंय. त्यात दोन काळे ठिपके आहेत, ते मी आणि भाचा. बाजूला लिंबाचं झाड आहे. त्याच्या सावलीबाहेर एक पांढरा ठिपका आहे. म्हणजे विमान वर गेल्यावर अम्मा उठून उन्हात आली होती.